दिवा लावला आहे

३ ऑक्टोबर
आले एकदाची नाशिकला! कांद्याच्या चाळीशेजारी वाढलेली देवळ्याची पोर आता छोटी विमानं उडवायला शिकवणार. निघताना आईनं हातावर दही ठेवलं आणि फार उंच जाऊ नकोस म्हणून बजावलं. धावपट्टी शहराबाहेर आहे, दोन्ही अंगांना झेंडूचे मळे. डोक्यावर पाट्या घेऊन बायका खुशाल पट्टी ओलांडतात. कुंपण आहे, पण नावाला.

५ ऑक्टोबर
मुख्य शिक्षक शेखर सर. इस्त्री कडक, बोलणंही तसंच. उतरताना विमानाचा पुढचा मोठा दिवा भर उन्हातही लावावा, असं मी शिकलेय. आपल्याला दिसावं म्हणून नव्हे, आपण दिसावं म्हणून. सर म्हणाले, दिवसा कशाला, बल्ब उडतात. रेडिओवर मात्र ‘दिवा लावला आहे’ म्हणायचं. मीही म्हटलं. एवढ्यानं काय आभाळ कोसळतं?

८ ऑक्टोबर
मळ्यातल्या रंगूबाईंशी गट्टी जमली. फुलं भरता भरता त्यांनी बायकांची रीत सांगितली. इमानाचा दिवा दिसला की थांबायचं, नाय दिसला की चालायचं. उतरताना त्याचा आवाज लय कमी येतो. मागच्या दसऱ्याला त्यांची जाऊ नवसाबाई दिवा नाही असं बघूनच निघाली होती. विमान शेखर सरांचं; त्याच्या धडकेत ती जागीच गेली. चौकशीत ते म्हणाले, दिवा लावला होता, बाईनंच पाहिला नाही. मेलेल्या बाईच्या माथी दोष! ऐकून माझं डोकं फिरलं. रंगूबाई एवढंच म्हणाल्या, ती काय सोडायची नाय त्याला.
नोकरी नवी आहे. मी गप्प बसले.

११ ऑक्टोबर
आज उतरताना सवयीनं बोलून गेले, दिवा लावला आहे. लावला नव्हता. पट्टीच्या मधोमध एक बाई उभी, डोक्यावर पाटी. कसंबसं विमान वर उचललं. दिवा लावून परत आले तर पट्टी मोकळी. सर म्हणाले, ऊन लागलं असेल. आणि पट्टीकडे पाठ करून आत गेले.

१२ ऑक्टोबर, दसरा
विमानाला हार घालून पूजा झाली. मग दिसलं— दिव्याच्या बंद काचेच्या आत झेंडूच्या पाकळ्या. ओल्या. सरांनी काच उघडून त्या पायाखाली चिरडल्या.

संध्याकाळ
सर हट्टानं एकटेच वर गेलेत. मी रेडिओच्या खोलीत. उजेड आहे अजून. पट्टी मोकळी दिसतेय— सर ओरडतायत, बाई उभी आहे. पुन्हा वर गेले. पुन्हा तेच.

दिवा लावला म्हणतात. इथून दिसत नाही. सांगितलं तसं. लावला आहे, लावला आहे— एकच घोकतायत.

इंधन संपत आलंय. मी म्हटलं, सर, खरं बोला, एकदाच.

बोलले. नव्हता. त्या दिवशी दिवा नव्हता, मी खोटं—

पट्टीपलीकडे धूर. माणसं धावतायत.

रेडिओ बंद केला. तरी त्यातून बाईचा आवाज— रागानं नाही, सावकाश विचारतेय. पोरी, तुजा लावला व्हता का?

झेंडूचा वास. खिडकीत मोठा पांढरा दिवा. आवाज नाही. जवळ येतोय—

नव्हता, बाई. माझाही नव्ह