पाऊण फेरा

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडची खुशाली तुझ्या पत्रातून कळली. भावोजींची पाठ अजून धरलेलीच आहे, हे वाचून वाईट वाटलं. त्यांच्या खुर्चीचे मागचे दोन पाय अर्धा इंच उंच करा, असं मी मागेच सांगितलं होतं. पण घरच्या वैद्याची मात्रा कोणाला लागू पडली आहे? असो.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. कागद तरी मध्येच बोलत नाही.

तू आईची पेटी पाठवायला सांगितलीस. मला नवल वाटलं. आई तुझ्याकडे हवापालटाला गेली आहे. हवापालटाला गेलेलं माणूस कधी पेटी मागवतं का? दोन जोड कपडे कमी पडत असतील तर तेवढे पाठवतो. पेटी जड आहे, शिवाय तिची कडी सैल झाली आहे, वाटेत निसटायची. कडी दुरुस्त झाली की बघू.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, "घरातले पाइप बदलल्याशिवाय आई परत येणार नाही." हे वाक्य तुझं नव्हे, हिचं आहे, एवढं मला कळतं. नणंद-भावजयीचं इतकं सख्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाइपांमुळे ते जुळलं, तेवढं तरी श्रेय बिचाऱ्या पाइपांना द्या.

पाइप कधी दुरुस्त करायचा आणि कधी बदलायचा, हे मला कोणी शिकवू नये. तुझ्या घरचे पाइप मीच बदलायला लावले होते. तेव्हा काय म्हणालो होतो, आठवतंय का? एकाच जागी गळलं तर तो अपघात. जोड उघडावा, आटे घासून साफ करावेत, नवा धागा गुंडाळून परत आवळावा, विषय संपला. पण गळती आज इथे, उद्या तिथे अशी घरभर फिरायला लागली, सकाळचं पहिलं पाणी चहाच्या रंगाचं यायला लागलं, एक नळ उघडला की दुसऱ्याची धार करंगळीएवढी झाली, तर समजावं की पाइप आतून संपला. मग ठिगळं लावत बसू नये. तू माझं ऐकलंस, म्हणून तुझ्या भिंती आज कोरड्या आहेत. आभार मानल्याचं काही आठवत नाही, तेही असो.

माझ्या घरची गोष्ट वेगळी आहे. हे पाइप माझ्या हातचे आहेत. आटे पाडायचं यंत्र भाड्यानं आणलं, पहिले तुकडे वाया घालवले, हाताची सालटी निघाली, पण कोणाला गुरू केलं नाही. तेव्हाचा गवंडी मिशीवरून हात फिरवत म्हणाला होता, "दोन वर्षं टिकलं तर ही उतरवीन." वीस वर्षं टिकलं. गवंडी गेला, मिशीसकट. आणि आई प्रत्येक पाहुण्याला न्हाणीघरापर्यंत नेऊन दाखवायची, "हे सगळं माझ्या पोरानं घातलंय. थेंब गळत नाही."

पाणी थोडं रंगीत येतं, कबूल. पहिली बादली झाडांना घालावी. दोन नळ एकदम उघडू नयेत, उघडण्याआधी "पाणी घेते" अशी हाक द्यावी. आणि कुठलाही नळ पाऊण फेराच फिरवावा. पुरा उघडला की भिंतीत कोणी हातोडा घातल्यासारखा दणका बसतो आणि जुन्या जोडांवर ताण येतो. तशा चिठ्ठ्या मी प्रत्येक नळाशी प्लास्टिकमध्ये घालून चिकटवल्या आहेत, सुवाच्य अक्षरात. यात अवघड काय आहे? तर ही म्हणते, "आपल्याकडे पाहुण्याला आधी चहा मिळत नाही, आधी प्रशिक्षण."

गेल्या आठवड्यात हिने मला न विचारता प्लंबर बोलावला. साहेब आले ते फोन कानाला लावूनच. भिंतीवर बोटानं दोनदा टकटक केली आणि म्हणाले, "काका, हे सगळं काढायचं."

काका! माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी लहान असेल.

मी म्हटलं, "कुठे गळतंय ते तरी बघा आधी."

"कुठे गळत नाही ते दाखवा, काका. लवकर होईल."

मी त्याला पाइपाचा आतला व्यास विचारला. त्यानं अंदाजानं ठोकला, तोही चुकीचा. मग मी त्याला बाहेरची वाट दाखवली. जाता जाता त्यानं न्हाणीघरात डोकावलं आणि विचारलं, "हा नळ कसा तुटला?"

मी म्हटलं, "चुकीच्या वापरानं."

तेवढंच आहे ते. त्या दिवशीची गोष्ट तुम्ही दोघींनी मिळून राईचा पर्वत केली आहे. आईला लागलं नाही, साधं खरचटलंही नाही. पाणी गार होतं, इतकंच.

पेटीचं बघतो.

तुझा,
धाकटा

दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, एक ओळ. "त्या दिवशी आई काय म्हणाली आणि तू काय म्हणालास, ते लिहायचं राहिलं की तुझं." एवढ्याशा मजकुरासाठी अख्खा कागद वाया घालवलास.

लिहितो. पण आधी परवाचं सांगतो, कारण ते क्रमानं आधी येतं. म्हणजे घडलं नंतर, पण मला कळलं त्याच्यामुळे.

तुम्हा सगळ्यांची तोंडं बंद करावीत म्हणून न्हाणीघरातला तुटलेला जोड तेवढा नवा करायला घेतला. पाना, धागा, सगळं मांडून बसलो. पाइप जमिनीलगत जातो तिथे पाण्याचं मोठं पिंप ठेवलेलं असतं, माहीत आहेच तुला. ते रिकामं करून बाजूला सरकवलं. मागे पाहतो तर पाइपाला चिंध्या बांधलेल्या. एका जागी नव्हे, जोड आला की चिंधी, जोड आला की चिंधी. उशीच्या जुन्या अभ्र्याच्या पट्ट्या, लाल-तपकिरी झालेल्या. काही अगदी अलीकडच्या, अजून पांढऱ्या. खाली ठिबक झेलायला एक वाडगा. गाठ दुहेरी, शेपूट आत खोचलेलं. लहानपणी माझं बोट कापलं की आई अशीच गाठ मारायची, मी ती पाहताक्षणी ओळखली.

माझा पारा चढला. ताई, ओली चिंधी लोखंडाला गुंडाळली की ओल धरून राहते आणि गंज दुप्पट चढतो, ही साधी गोष्ट आहे. मी ओरडलो, "हा शहाणपणा कोणी केला? यानंच सडलाय जोड!"

ही दारात उभी होती. म्हणाली, "आईंना कधीचं ठाऊक होतं. रोज पट्ट्या बदलायच्या. मला शपथ घातली होती."

"कसली शपथ?"

"म्हणाल्या, त्याला सांगू नकोस. त्याच्या हातचं आहे."

आणि आत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

आता तुझं राहिलेलं. त्या सकाळी आई अंघोळीला गेली होती. नळ फिरवला आणि पाइपाचं तोंडच तुटून तिच्या हातात आलं. पाण्याचा लोट अंगावर. आवाज ऐकून मी धावलो. आधी जिन्याखालचा व्हॉल्व्ह बंद केला. तेच बरोबर आहे, कोणालाही विचार, आधी पाणी बंद करायचं असतं. मग न्हाणीघरात गेलो. ती नखशिखांत भिजलेली, तुटका नळ दोन्ही हातांत धरून उभी, आपल्याच हातून बशी फुटल्यासारखी. आणि मी म्हणालो, "पाऊण फेरा सांगितला होता ना? एवढं मोठं लिहिलंय, वाचता येत नाही?"

अंघोळीला चष्मा लावून कोण जातं, ताई?

ती म्हणाली, "चुकलं रे." थरथरत होती. मी तिच्या हातातून नळ घेतला आणि आटे बघायला उजेडात गेलो.

टॉवेल हिनं आणला.

हे तू आईकडून ऐकलं नसणार. ती सांगणार नाही. हिनं सांगितलं असेल. ठीक आहे, खरं तेच सांगितलं.

परवा संध्याकाळी मी त्या पाइपाचा एक वीतभर तुकडा करवतीनं कापला. बाहेरून माझाच चंदेरी रंग, अजून चकचकीत. आत गंजाचे थर एकावर एक बसलेले, मधे भोक उरलंय ते एवढंसं, पेन्सिल आत जाईना. तुझ्या घरी मी लांबूनच ओळखलं होतं. इथे कापेपर्यंत ओळखलं नाही असं म्हणालो तर तू हसशील, म्हणून म्हणत नाही. एवढ्याशा भोकातून आईची बादली भरायला किती वेळ लागत असेल, त्याचा हिशेब मी मनात केला. तो मात्र लिहीत नाही.

प्लंबरला फोन केला.

"काय काका, ठरलं?"

म्हटलं, "ठरलं. पण दादा म्हण."

"बरं, दादाकाका."

सोमवारपासून भिंती फोडतोय.

धाकटा

दि. ९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. भावोजींच्या पाठीला उतार पडला, खुर्चीमुळे पडला, वाचलं. बघ.

काम संपलं. काय काय सोसलं ते माझं मला ठाऊक. घरभर धूळ, जेवणात धूळ, उशीत धूळ. त्या बोलघेवड्या प्लंबरचं तोंड चालू आणि हात बंद. पाइपाला भिंतीशी धरणाऱ्या पट्ट्या त्यानं फार लांब लांब मारल्या होत्या, त्या मी जवळ जवळ मारून घेतल्या. एरवी मी चकार शब्द काढला नाही. ही म्हणते, दिवसभर दुसरं काही केलंच नाही. नवे पाइप प्लास्टिकचे आहेत, हातात घेतले की खेळण्यासारखे वाटतात. पण आतून गुळगुळीत आहेत आणि गंजत नाहीत. पसंत पडले असं नव्हे, हे आपलं माहितीसाठी.

पाणी सोडलं तेव्हा मी जिन्याखाली व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा होतो. हिनं घरातले सगळे नळ पुरे उघडले. एकदम! हाक नाही, काही नाही. मी दणक्याची वाट बघत राहिलो. भिंत हूं की चूं नाही. ही वर एकटीच हसत सुटली, मला खालपर्यंत ऐकू येत होतं. मग तिनं चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. डिंकाचे डाग राहिले आहेत, ते मी पाण्यानं भिजवून खरवडतोय.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही.

काल आईला फोन केला. सांगितलं, नवे पाइप बसले. ती म्हणाली, "छान झालं. तूच घातलेस ना?" म्हटलं, नाही, प्लंबरनं. मग हळूच विचारलं, "मग ह्या नव्या नळाला किती फेरा द्यायचा रे?"

मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला. आवाज स्पष्ट येत होता.

म्हणून तुला काम सांगतो. पुढचं तिला वाचून दाखव. तू वाच, तिला चष्मा शोधायला लावू नकोस.

आई, नळ हवा तेवढा उघड. पुरा उघड. दोन एकदम उघड. उघडा राहिला तरी कोणी काही म्हणणार नाही. आणि तुटलाच, नवा आहे, तुटणार नाही, पण तुटलाच तर क्रम बदलला आहे: आधी टॉवेल, मग व्हॉल्व्ह. टॉवेल न्हाणीघराच्या दाराबाहेर खिळ्याला लावून ठेवला आहे. खिळा मी मारला आहे.

पेटीची कडी दुरुस्त केली. पेटी पुसून इथेच ठेवली आहे, कोरड्या भिंतीशी. न्यायची की राहू द्यायची, ते तू सांग. मी विचारतोय, सांगत नाही.

तुमचा दोघींचा,
पाऊण शहाणा