सुंदररावांच्या लेकीचं फुलेल

९ एप्रिल
नाक मेलंय! शिवरात्रीला घरभर ताप आला होता, त्यात गेलेला माझा वास अजून आला नाही. आज हिंगाची डबी उघडून हुंगली — काहीच नाही. चाळीस वर्षं परळीत अत्तर-फुलेल विकतोय, आता हे सांगू कुणाला? आणि नेमके आजच तेलगावचे सुंदरराव दुकानात. लेकीच्या हळदीला मोगऱ्याचं फुलेल तेल पाहिजे, त्यांच्या लग्नात माझ्या वडिलांनी केलं होतं तसंच. "पंचाक्षरी, दुसरीकडं जाणार न्हाई मी." नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

१० एप्रिल
फुलवाल्या बायनाबाईनं मोगऱ्याच्या कळ्या आणल्या. त्यांच्यावरची वीजकेंद्राची राख झटकण्यातच तास गेला. धुवून चालत नाही, तीळ कुबट होतात. पांढऱ्या फडक्यावर तिळाचा थर, त्यावर कळ्या, वर पुन्हा तीळ. सकाळी कळ्या चाळून काढायच्या, संध्याकाळी ताज्या घालायच्या. असं किती दिवस, ते नाकानंच ठरवायचं. एक दिवस कमी पडला तर तेल फिकं, एक जास्त झाला तर आंबूस. माझ्याकडं नाक कुठंय? कंबर तेवढी आहे, तीही मोडलेली.

१२ एप्रिल
युक्ती काढली. मुलगा बसवेश पुण्याला, घरात मी आणि सून शिवानी. तिला म्हटलं, धंदा शिकून घे. आता रोज आधी ती तीळ हुंगते, मग मी डोळे मिटून मान हलवतो — नुसतं सोंग! आज म्हणाली, "अजून न्हाई, मामा." पोरीचं नाक चांगलं दिसतंय.

१४ एप्रिल
कळ्या. चाळणी. पाठ.

१६ एप्रिल
आज शिवानी हुंगून माझ्याकडं बघत राहिली. मी पार दमलो होतो. भिंतीला टेकलो नि उगाच हसलो. तशी लगेच म्हणाली, "जमलं, मामा." देव पावला! दुपारीच तीळ लाकडी घाण्यावर नेऊन तेल काढून आणलं.

१८ एप्रिल
सकाळी बाटली तेलगावला गेली. उद्या हळद. सुटलो एकदाचा! सुनेनं वडिलांच्या नावाची लाज राखली. तिला साडी आणली पाहिजे, आजच.

१८ एप्रिल, दिवेलागणीला
साडी हातात दिली तर शिवानी रडायलाच लागली.

"मामा, त्या तापापासून मला वासच येत न्हाई. तुमी एवढ्या हौसेनं शिकवत होता, कसं सांगू? रोज तुमचं तोंड बघून सांगत होते."