आंधळगावच्या भुपेंद्रची जगभर विचारपूस

आदरणीय लक्ष्मणराव मामाजी,

आंधळगावहून भाचा भुपेंद्रचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी अजून गोड खाऊ देत नाही का? (बरोबर करून राहिली.) इकडे धान कापून झाला, आई-बाबा मजेत आहेत, मीच तेवढा ठीक नाही. जेवण जात नाही. म्हणून तर पत्र लिहून राहिलो. हसू नका.

तुम्ही सुचवलेल्या कारध्याच्या स्थळाचंच सांगायचं आहे. डिंपल मले आवडली. लय आवडली. चहा देता देता तिनं हळूच विचारलं, तुमच्या कामात चूक झाली तर काय होते? आजवर साऱ्याईनं पगारच विचारला होता, असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, कोणाचा जीवही जाऊ शकते. ती घाबरली नाही. म्हणाली, मग नीटच करत जा जी. तेव्हापासून मी सॉफ्टवेअरची एकेक ओळ दहादा तपासून राहिलो.

घोळ झाला तो तिच्या वडिलांपाशी. मधुकरराव तुमच्यासंग जवाहरनगरच्या फॅक्टरीत राहिलेले माणूस. सोयरीक म्हटली की पोराच्या हापिसात, पानठेल्यावर जाऊन विचारपूस करायचीच, हा त्यांचा (आणि साऱ्या भंडारा जिल्ह्याचा) रिवाज. त्यांनी विचारलं, साहेबाचं नाव काय? म्हटलं, माहीत नाही. सोबतचे लोक कुठले? तेही माहीत नाही. मग त्यांले तुमचं नाव तरी माहीत आहे का? अजी, नाही!

मी खोटं काहून बोलू मामाजी? आमचं सॉफ्टवेअरच तसं आहे. एखाद्या बातमीदाराले गुपचूप निरोप पाठवायचा असला तर तो तीन हातांतून जाते. पहिल्याले कळत नाही कोणाकडे चालला, शेवटच्याले कळत नाही कोणी पाठवला. मंडईच्या जत्रेतल्या गर्दीत साऱ्याईनं तोंडाले दुपट्टा बांधला की कोणाचा जावई कोणता हे ओळखू येत नाही, तसं. बनवणारेही त्याच रीतीचे. कोणी स्वतःले ‘घुबड’ म्हणते, कोणी ‘जुनी छत्री’, मी ‘बोडी’. (आपल्या धानाच्या बांधीजवळची बोडी, तिच्यात पोहायले शिकलो म्हणून.) पगार देणाऱ्या बाईले माझं नाव ठाऊक आहे, पण कोणाले न सांगणे हेच तिचं काम. आमच्या चर्चा मात्र इंटरनेटवर उघड्यावर होतात. कोणीही वाचावं, कोणीही लिहावं. हे मी मोठ्या ऐटीत मधुकररावाले सांगितलं, आणि तिथला पत्ताही देऊन आलो. काय बुद्धी सुचली बाप्पा!

तिथं आम्ही एका गोष्टीवर भांडून राहिलो होतो. खऱ्या निरोपांच्या मधात रिकामे निरोपही सोडायचे का, म्हणजे पाळत ठेवणाऱ्याले खरा कोणता हे समजणार नाही. घुबड म्हणे, सारं काम मंद होते. मी म्हणे, मंद होते पण माणूस वाचते. अशात मधुकररावाचा मजकूर येऊन पडला, मोबाईलवर इंग्रजी करून घेतलेला. स्वतःचं पूर्ण नाव, घराचा पत्ता, माझा बायोडाटा, उंची, गण, नाडी, फोटो. खाली प्रश्न, तुमच्यापैकी भुपेंद्र कोण, स्वभावानं कसा, आणि घेते का?

झालं! साऱ्याईले वाटलं, आपल्यातल्या एकाले कोणीतरी उघडं पाडायले निघाला. मग त्याईले जे येते तेच त्याईनं केलं, गर्दी केली. घुबडानं लिहिलं, मीच भुपेंद्र. जुनी छत्री म्हणे, नाही, मी. संध्याकाळपर्यंत जिकडे पाहा तिकडे भुपेंद्र. एका भुपेंद्राले दोन बायका, एक भुपेंद्र सकाळपासूनच पिते, एक भुपेंद्र सत्तर वर्षांची आजी आहे आणि तिले लग्नात काही रस नाही. खरा भुपेंद्र तेवढा गप. बोललो तर नाव फुटते, आणि ज्याईनं माझ्यासाठी एवढं केलं त्याईच्या मेहनतीवर पाणी. नाही बोललो तर डिंपल जाते. कोणाले सांगू?

मधुकररावानं सारं बसून वाचलं. फोनवर म्हणाले, यातल्या एकाही भुपेंद्राचं चालचलन मले पटलं नाही. रविवारी त्यांच्याकडे लाखनीचं स्थळ येऊन राहिलं. मामीले नमस्कार सांगा.

तुमचा घाबरलेला भाचा,
भुपेंद्र

ता.क. मामाजी, रविवारच्या आधी कारध्याले जाऊन या. तुमच्या शब्दाले तिथं मान आहे. भुपेंद्र एकच आहे, पीत नाही, आणि त्याले अजून एकही बायको नाही, एवढं सांगा.

ता.क. २. पाकीट बंद करता करता पुन्हा एकदा चर्चा उघडून पाहिली. आणखी एक भुपेंद्र आला आहे, आणि हा मराठीत लिहिते. “मीच भुपेंद्र. रिकामे निरोप पाठवाच, मंद झालं तर होऊ द्या, माणूस वाचला पाहिजे. आणि बाबा, मले हेच स्थळ पाहिजे.” मामाजी, वाचून डोळे भरून आले. अन् लगेच शंका आली. ही डिंपलच कशावरून? माझी दया येऊन घुबडानंच मोबाईलवर मराठी करून टाकलं असलं तर? आमच्या इथं कोणी लिहिलं हे शोधून काढता येत नाही, मले तर नाहीच, ती सारी वाट मीच बुजवली आहे. म्हणून वरचं राहू द्या, तिच्या मनातलं कळेपर्यंत मधुकररावाले काही बोलू नका. फक्त डिंपलले बाजूले बोलवा आणि विचारा, बाई, तो भुपेंद्र तूच का?