उंदरांच्या वासाचा बंदोबस्त

१ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. चहा देता देता हिनं सांगितलं की घरात उंदरांचा वास मारतो. उंदीर म्हणजे बटण आणि तक्क्या. लेकीनं पाळलेले, दोघेही नर. जुलैत ती शिकायला परगावी गेली. हॉस्टेलवर उंदीर चालत नाहीत. तेव्हा 'दोन उंदीर ते काय, मी बघतो' असं मीच तिला म्हणालो होतो. शब्द दिला होता.
२९ तारखेला हिचे थोरले भाऊ आणि वहिनी चार दिवस राहायला येताहेत, लेकीच्याच खोलीत. पिंजराही तिथंच. मेहुण्यांचं नाक असं, की उशीला वास येतो म्हणून त्यांनी एकदा आगाऊ पैसे भरलेलं हॉटेल सोडलं होतं. २८ पर्यंत वास गेला नाही तर उंदीर पेट शॉपवाल्याकडे, असा हिचा निकाल.
मी शांत राहिलो. एकोणीस वर्षं ऑफिसचं ॲडमिन सांभाळतोय. पाच मजले, चौदा टॉयलेट. वासाचं मला कुणी शिकवू नये.

२ नोव्हेंबर
तक्ता तयार. रोज सकाळी सहाला पिंजरा पूर्ण रिकामा करायचा. भुसा फेकायचा. फळ्या, झोळी, वाटी सगळं ऑफिसच्या स्ट्राँग लिक्विडनं धुवायचं. पुढे तारीख, वेळ, सही असे रकाने. टॉयलेटच्या दारामागे असतो तसाच तक्ता पिंजऱ्याला लावला. हिनं विचारलं, सही कोण करणार? म्हणालो, मी. तपासणार कोण? मीच. ती कपबशा उचलून आत गेली. पटलं असावं.

४ नोव्हेंबर
तक्क्यानं तक्ता आत ओढून खाल्ला. लॅमिनेट करून दुसरा लावला.

५ नोव्हेंबर, सकाळी ७.५०
चाळीस मिनिटांचं काम दोन तासांवर गेलं. ऑफिसला उशीर होणार. धुतलेली फळी लावली आणि तक्क्या माझ्याकडे बघत तिच्यावरून चालत गेला. मागे थेंबांची ओली रेघ. लगेच बटणानं त्यावर आपली रेघ ओढली. पुन्हा धुतलं. पुन्हा रेघा. शिस्त लागायला वेळ लागतो. ऑफिसातही पहिली दोन वर्षं असंच होतं.

८ नोव्हेंबर
कंबर धरली. दोन दिवस साफसफाई बंद. वैद्यकीय कारण असल्यानं तक्त्यावर सह्या केल्या.
तोवर पर्याय म्हणून मोगऱ्याच्या वासाचा स्प्रे आणला. पिंजऱ्याभोवती चारी बाजूंनी मारला. हिनं नाक मुरडलं. म्हणाली, आता मोगऱ्यात उंदीर मेल्यासारखं येतंय. एक पायरी तर पुढे गेलो.
संध्याकाळी लेकीचा फोन. सगळं कंट्रोलमध्ये आहे म्हणून सांगितलं. तिनं दोघांना फोनवर शिट्टी मारली. दोघंही झोळीतून उठून जाळीला आले. मी जरा खिडकीशी गेलो.

११ नोव्हेंबर, सकाळी
बटणाच्या नाकाभोवती लाल. रक्त! सारखा शिंकतोय. लेकीला काय सांगायचं? ऑफिसला रजा टाकली. ही स्वतःहून बरोबर आली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

११ नोव्हेंबर, दुपारी
रक्त नाही. उंदरांच्या डोळ्यानाकातून त्रास झाला की तसा लाल स्राव येतो. त्रास मोगऱ्याचा. डॉक्टरीणबाई मला बरंच बोलल्या. अशा नाजूक फुप्फुसांवर स्प्रे मारतात का, वगैरे. मी मान खाली घालून ऐकलं, कारण बटण माझ्या खिशात थरथरत होता.
पुढे त्यांचं म्हणणं असं. नर उंदीर ज्याला आपलं समजतात त्यावर लघवीचे थेंब टाकून ठेवतात. तुम्ही रोज सगळं पुसता म्हणून ते रोज दुप्पट टाकतात. रोज फक्त ओला कोपरा काढा, एका वेळी अर्धाच पिंजरा धुवा, तोही व्हिनेगरच्या पाण्यानं, आणि त्यांच्या वासाचं एक जुनं फडकं तसंच राहू द्या. नसबंदी केलीत तर वास आणखी कमी होईल. इथं मी पाय जवळ घेतले. ही मात्र सगळं कागदावर उतरवून घेत होती.
माझं मत: बाई तरुण आहेत. वास घालवायला वास ठेवा म्हणे. मी चौदा टॉयलेटं अशी चालवली असती तर? स्प्रे मात्र कचऱ्यात टाकला. स्ट्राँग लिक्विडही. तिथं माझी चूक झाली.

१५ नोव्हेंबर
पूर्ण धुलाई चालू, आता साध्या साबणानं. एक विचित्र गोष्ट. पिंजऱ्यात चादरीचं एक कळकट फडकं सापडलं. काढून टाकलं. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर पुन्हा तिथंच. उंदीर हुशार असतात हे माहीत होतं, पण कचऱ्याच्या डब्यापर्यंत?

१७ नोव्हेंबर
धुलाई आता एक दिवसाआड. कंबरेमुळे. फडक्याचा नाद सोडला.
ऑफिसात वास येतोय. आमच्याच विभागात. दमट, जरा गोडूस. कुणीतरी डबा विसरलं असणार. मेन्टेनन्सला लेखी तक्रार दिली.

१९ नोव्हेंबर
मेन्टेनन्सनं एसी खोलला. काही नाही. डब्यांबद्दल परिपत्रक काढलं. माझ्या शेजारच्या अकाउंटंटनं टेबल खिडकीशी हलवलं. मी लिफ्टमध्ये शिरलो की हल्ली लोक जिन्यानं जातात. तब्येतीबद्दल जागरूकता वाढली आहे, चांगलं आहे.

२२ नोव्हेंबर
घरचा वास खूप कमी झाला. तक्त्याचं फळ. हिलाही मान्य, पण ती म्हणते दिवसभर नसतो, संध्याकाळी सातनंतर येतो. मी नोंद ठेवली. ती वाऱ्याची वेळ आहे.
सात ते साडेसात माझी तपासणी असते. लेकीच्या खुर्चीत बसून दोघांना बाहेर काढतो. बटण माझ्या तपकिरी स्वेटरच्या बाहीतून शिरतो आणि गळ्यातून निघतो. तक्क्या खांद्यावर झोपतो. स्वेटर लेकीनं जाताना दिला होता. सध्या थंडी आहे म्हणून तोच घालतो. ऑफिसलाही. धुतला की लोकर बिघडते.
तपासणी आवश्यक आहे. दुसरं काही नाही.

२५ नोव्हेंबर
वासाचा छडा लावायला सफाईच्या मावशींना कामाला लावलं. त्या एकेक खुर्ची हुंगत आल्या. माझ्या खुर्चीपाशी थांबल्या. मग काहीच नाही म्हणाल्या. जाताना हळूच विचारलं, साहेब, घरी पाणी येतं ना नीट? येतं म्हटलं. बाई फार मायाळू.

२७ नोव्हेंबर
हिचा शब्द कायम. उद्या संध्याकाळी सातला तपासणी, आणि या वेळी तपासणार ही. पेट शॉपवाल्याला फोन करून ठेवलाय, 'जमलं नाही तर' म्हणून. आज तपासणीला पाऊण तास बसलो. तक्क्यानं माझा कान चाटला. त्याला यातलं काही माहीत नाही.

२८ नोव्हेंबर, रात्री ८
हिनं मला साडेसहाला बाहेर पाठवलं. चक्कर मारून या म्हणाली. मी स्वेटर चढवून कोपऱ्यापर्यंत गेलो, आलो, पुन्हा गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं. नसबंदी कबूल, असंही म्हणणार होतो.
साडेसातला बेल वाजवली. तिनं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकली.
"अहो, वास उंदरांचा नाहीच," ती म्हणाली. "तुमचा आहे."
मग एकेक बाहेर आलं. बारा तारखेपासून, मी ऑफिसला गेलो की ती डॉक्टरीणबाईंच्या कागदाप्रमाणे करत होती. अर्धा पिंजरा, व्हिनेगर, कोपरा. फडकं तिचं. मी टाकलं की ती पुन्हा ठेवायची. मग मला सांगितलं का नाही? म्हणाली, तुम्ही सह्या करत होता, मी कशाला मध्ये पडू. आणि उंदीर गेले असते तर पोरीला तोंड मलाही दाखवायचं होतं.
माझ्यासमोरच तिनं पेट शॉपवाल्याला 'आता नको' म्हणून कळवलं. मग चिमट्यानं स्वेटर उचलून बादलीत टाकला.
मला मावशी आठवल्या. लिफ्ट आठवली. परिपत्रकाखाली माझीच सही आहे.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी
पाहुणे आले. मेहुण्यांनी खोलीत खोल श्वास घेतला. मी भिंतीला टेकून उभा. म्हणाले, घर अगदी स्वच्छ ठेवलंय हो. पिंजरा हॉलमध्ये हलवू म्हटलं तर राहू द्या म्हणाले, छान आहेत. तक्क्या त्यांच्या हातातून दाणे खातोय. उंदीर खोलीत, पाहुणे खोलीत. माझं अंथरूण चार दिवस गॅलरीत. स्वेटरही तिथंच वाळतोय, तीनदा धुतलेला. खरंच बिघडला, बाह्या आखूड झाल्या.
लेकीचा फोन आला. उंदरांचं सांगितलं. मग ती म्हणाली, बाबा, आणि तू? मी म्हणालो, मजेत. तिची फार आठवण येते. तपासणी वगैरे काही नव्हती, त्या खुर्चीत बसलं की ती घरात आहे असं वाटायचं. हे फोनवर बोलता आलं नाही.
पाहुणे जेवायला बसले तेव्हा पाच मिनिटं खोलीत गेलो. ओलसरच स्वेटर घालून, थंडी होती म्हणून. तक्क्यानं मनगट हुंगलं. जरा थांबला, जणू ओळखलं नाही. मग मनगटापासून खांद्यापर्यंत सावकाश चालत गेला, मागे थेंबांची ओली रेघ ठेवत.
स्वेटर पुन्हा धुवायला हवा. उद्या बघू.