जाळीमागचं नाव

शनिवार, १० जानेवारी २०२६

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझी परवानगी न घेता माझा आवाज उचलला गेला. हे आधी नोंदवते, कारण बाकी दिवस फार छान गेला.

खिरनी महालात आंतरराष्ट्रीय कला महोत्सव सुरू झाला. स्वयंसेवक म्हणून माझी नेमणूक जनान्यात आहे. बेगमांच्या काळातला थंड दगड, तलावावरचा वारा, गळ्यात ओळखपत्र. निवृत्तीनंतर प्रथमच कुणाला तरी रांगेत उभं करायला मिळालं. शेजारच्या दालनात एका जर्मन गृहस्थांनी प्लास्टिकच्या बादल्या उलट्या टांगल्या आहेत. आमच्या न्हाणीघरात दोन आहेत. उद्यापासून तिकीट लावते.

आमच्या दालनात दगडी जाळी आहे. एका पोर्तुगीज बाईंची कल्पना अशी की येणाऱ्यानं आपल्या माणसाचं नाव जाळीत सांगायचं. मागे दडवलेले स्पीकर ती नावं दिवसभर कुजबुजतील. माझ्याबरोबर आनंद नगरातली रेवती आहे, आमची शेजारीण. तिनं दारातच हात आडवा धरला. नाव घेतल्याशिवाय काकूंना आत सोडायचं नाही म्हणे. मग घेतलं:

मोठ्या तलावावर दाटलं धुकं,
यशवंतरावांचं घर माझ्यापुढे मुकं!

हशा पिकला. आणि लगेच जाळीतून तोच उखाणा माझ्याच आवाजात परत आला. मी संयोजक निनादला झापलं. इंदूरचा पोरगा. कान पकडून म्हणाला, काकू, कसम से, मशीन अजून लावलंच नाहीये. खोटं बोलायचं, तेही धड एका भाषेत नाही.

सोमवार, १२ जानेवारी

आता यंत्र लागलं आहे. लोकांची नावं एकेकदा येतात, माझा उखाणा मात्र सारखा. आज जाळीनं त्यातलं नाव उच्चारल्यावर आतून कुणीतरी 'ओ' दिली. पुरुषाचा आवाज. मागे जाऊन पाहिलं. नुसत्या वायरी. निनाद म्हणतो, अशी 'ओ' कुणी भरलेलीच नाही.

घरी कुरियरवाला फाटकातून ह्यांचं नाव घेऊन ओरडत होता. हे ओसरीवर बसलेले, मान वर केली नाही. मी 'अहो' म्हटल्यावर बघितलं. कारखान्यात जन्मभर टर्बाइनपाशी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार! कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

घरी हळदीकुंकू. बायकांनी आग्रह केला. पहिली ओळ म्हटली आणि पुढे नाव येईना. बायका म्हणाल्या, इंदुमतीबाई लाजल्या! लाजते कसली. लग्न झाल्यापासून मी ह्यांना 'अहो'च म्हणते. ते नाव माझ्या तोंडी फक्त उखाण्यात यायचं. तेवढीच त्याची जागा होती, आणि ती रिकामी झाली आहे.

रेवतीला हळूच विचारलं. शनिवारी ती समोर होती. हसत तोंड उघडलं तिनं, आणि तसंच उघडं राहिलं.

गुरुवार, १५ जानेवारी

शनिवारचं पान उघडलं. नाव मीच लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात. अक्षरं दिसतात. वाचता येत नाहीत.

ह्यांनाच विचारलं, अहो, तुमचं नाव काय? म्हणाले, आठवून सांगतो. जेवण झालं, दुपार झाली. अजून आठवतच आहेत.

शुक्रवार, १६ जानेवारी

दालन उघडल्या उघडल्या जाळीशी गेले. माझं मला परत कर म्हटलं. आतून उखाणा. मग 'ओ'. मग खोकला — ह्यांचा सकाळचा खोकला, ओळखणार नाही का मी —

घरी हे बोलले नाहीत. 'अहो' म्हटलं तरी —

शनिवार, १७ जानेवारी

रेवती तिळगूळ द्यायला आली. मला दिला. ह्यांना दे म्हटलं, तर कुणाला काकू, म्हणाली. आणि पर्स खुर्चीत ठेवली. खुर्चीत हे बसले होते. पर्स त्यांच्या मांडीवर राहिली नाही. खाली गेली, थेट गादीपर्यंत —

निनादचा फोन. उद्या पाचला सगळं उतरवणार. आवाज पेटीत भरून पोर्तुगालला.

रविवार, १८ जानेवारी

महोत्सवाच्या संचालकांस —

दहा तारखेला आपल्या जाळीनं माझ्या — यांचं नाव, माझ्या तोंडून, परवानगीशिवाय —

मी दोन कप चहा का केला आहे —

ते नाव माझं आहे. पेट्यांना कुलूप लागण्याआधी परत हवं. आतला माणूसही. आहे आत. 'ओ' देतो. कोण ते मी आत्ता —

आज दुपारी चार वाजेपर्यंत मला लेखी उत्तर द्यावे. सहीशिक्क्यानिशी. तोंडी चालणार नाही. तोंडी दिलेल्याचं तुमच्याकडे काय होतं, ते मी —

अर्जदार,
सौ. इंदुमती —