राखीव छत्रीवरची सही

काका, तुमच्या मरणाचा अजून वापर होतो, हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं. माझी मुलगी गेल्या उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर विमानातून उडी मारायचा कोर्स करून आली. मला न सांगता गेली होती, आणि त्याबद्दल तिला काय बोलणार, मीही तिच्याएवढा असताना नागपूरला आईला 'शनिवार-रविवार आरामात जातात' एवढंच कळवत असे. संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती सगळं सांगत होती. "डॅड, त्यांनी एक स्टोरी सांगितली. एटीजमध्ये कोणी ओल्ड इंडियन गाय होता. त्याचं मेन पॅराशूट बिघडलं आणि तो नुसता फाइट करत बसला, रिझर्व्ह ओढायला लेट झाला. फ्रीझ झाला. सो, डोन्ट बी दॅट गाय." मी नळाखाली कोथिंबीर धूत होतो, ती धूत राहिलो. ओल्ड म्हणे! तुम्ही तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होतात. आज मी तुमच्याहून मोठा आहे. तिने विचारलं, "डिड यू नो हिम?" मी म्हणालो, असेल कोणीतरी, तेव्हा आपली माणसं फार नव्हती तिकडे.

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात ते पार्सिपनीला, शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेऊन मंडळाने गणपती बसवला होता तेव्हा. मी या देशात नवा, एकटा, एका कंपनीत ड्रॉइंग बोर्डवर मान मोडणारा. मंडळात तुम्हाला मागून 'उडते काका' म्हणत. एवढा शिकलेला इंजिनिअर, घरी बायको-मुलगी, आणि सुटीच्या दिवशी धडधाकट विमानातून बाहेर उड्या मारतो, याचं कुणाला हसू यायचं, कुणाला राग. तुम्ही माझ्या पानात वरण वाढता वाढता विचारलंत, "सॅटर्डेला काय करतोस? लाँड्री? मग माझ्याबरोबर चल." मी गेलो. रूट एट्टीने पश्चिमेला सव्वा तास, मांडीवर कागदी कपातली कॉफी, आणि शेवटी एका मक्याच्या शेतापलीकडे गवताची धावपट्टी, दार काढून टाकलेलं एक जुनं विमान आणि त्यात खाली फळीवर दाटीवाटीने बसलेली पाच माणसं. लोकांना वाटतं हा धाडसाचा छंद आहे. खरं तर यात माणूस बहुतेक वेळ ढगांकडे बघत बसतो. वारा पडेल का, ढग फाटतील का, विमान आज चालू होईल का, दुपारी घरी परत जाताना बायकोला काय सांगायचं. आम्ही कितीतरी शनिवार त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून काकूंच्या तिखटमिठाच्या पुऱ्या संपवल्या आणि एकही उडी न मारता परत आलो. मी या देशात इतका सुखात दुसरीकडे कुठेही नव्हतो.

तुम्ही मला उडायला शिकवलंत त्याहून जास्त घडी घालायला शिकवलंत. पाठीवर दोन छत्र्या असतात. मुख्य छत्री ज्याची त्याने घडी घालायची. दुसरी राखीव, पहिली बिघडली तरच उघडायची, आणि तिला हात लावायचा अधिकार फक्त परवाना असलेल्या माणसाला. त्याने दर एकशेवीस दिवसांनी ती पूर्ण उघडायची, हँडल ओढून बघायचं, पिन तपासायची, कापड वाऱ्यावर ठेवायचं, दोरी न् दोरी बोटांखालून काढायची, पुन्हा बांधायची, लाल दोऱ्यावर शिशाचं सील दाबायचं आणि कार्डावर तारीख घालून सही करायची. तो परवाना तुमच्याकडे होता. तुमच्या लिव्हिंग रूममधलं कॉफी टेबल भिंतीला लावून, कार्पेटवर ती पांढरी छत्री पसरून तुम्ही मला गुडघ्यांवर चालवलंत. एकदा मी शहाणपणा केला. काम संपत आलंच होतं, म्हणून कार्ड आधीच भरून ठेवलं. तुम्ही ते पाहिलंत, हँडल ओढलंत, आणि माझी तीन तासांची मेहनत स्प्रिंगच्या जोराने सोफ्यावर जाऊन पडली. मग म्हणालात, "सही शेवटी. आधी केलेली सही म्हणजे थाप. ज्याच्या पाठीवर ही बॅग जाणार, तो तुला विचारायला परत येणार नाही." मला तुमचा भयंकर राग आला होता. काकूंनी त्या दिवशी मला आग्रहाने थालीपीठ वाढलं, वर लोणी दोनदा घातलं, म्हणजे त्यांनाही तुमचं वागणं पटलं नव्हतं. पुढे मला परवाना मिळाला तेव्हा तुम्ही काकूंचं एक जुनं लाकडी उलथनं घासून, गुळगुळीत करून मला दिलंत, घड्या आत सारायला. दुकानात मिळतात त्या पट्ट्यांपेक्षा ते कितीतरी चांगलं होतं.

आणि लगेच तुम्ही म्हणालात, "आता माझी रिझर्व्ह तू करायची. न्हावी स्वतःचे केस कापतो का?" एप्रिलमध्ये मी तुमची राखीव छत्री पहिल्यांदा बांधली, इतकी मन लावून की प्रत्येक दोरी दोनदा बोटांखालून काढली. ती उत्तम बांधली होती, काका. एवढं मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

ऑगस्टमध्ये मुदत संपत आली. त्याच शनिवारी तुमची पाचशेवी उडी होती. तुम्ही मंगळवारी बॅग माझ्याकडे आणून टाकलीत. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक ड्रॉइंग तिसऱ्यांदा परत आलं होतं आणि साहेब डोक्यावर बसला होता. बुधवारी जमलं नाही, गुरुवारी जमलं नाही, शुक्रवारी मी दमून झोपलो. खरं सांगायचं तर शुक्रवारी जमलं असतं. शनिवारी सकाळी बॅग गाडीच्या ट्रंकमध्ये तशीच, आणि मी तुमच्या किचनमध्ये. काकू सावर क्रीमचं श्रीखंड डब्यात भरत होत्या, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्या तुमची उडी बघायला येणार होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "अरे, जूनमध्ये बेसमेंटमध्ये पाणी आलं ना, सगळं गार्बेजमध्ये गेलं. यांची ती बॅग पण फ्लोअरवरच होती. मी आपली ड्रायरजवळ ठेवून वाळवली. यांना बोलले नाही, उगाच चिडले असते." मी ऐकलं. ऐकलं नाही, भिजलेली पिन गंजून अडकते हे लक्षात आलं नाही, असं काहीही नाही. तेवढ्यात तुम्ही दाढी करून, नवा शर्ट घालून आलात आणि विचारलंत, "झालं ना रे?" मी म्हणालो, "झालं, काका. गुरुवारीच केलं." मग बाहेर जाऊन ट्रंकच्या झाकणाआड कार्ड काढलं, गुरुवारची तारीख टाकली आणि सही केली. सील माझंच होतं, एप्रिलचं, शाबूत. त्याला हातसुद्धा लावावा लागला नाही.

पाचशेवी उडी छान झाली. स्वच्छ आभाळ, तुम्ही शेतात अगदी काकूंसमोर उतरलात, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी मिळून तुमच्या तोंडावर क्रीमचा केक थापला. काकू आधी घाबरल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. त्या दाढीवाल्या धटिंगणांनी श्रीखंड बोटांनी चाटून डबा रिकामा केला. मी त्या फोटोत आहे. हसतोय.

त्यानंतर मला सहा आठवडे मिळाले होते. 'काका, ती बॅग द्या, पुन्हा बघतो' एवढं म्हणायचं होतं. तुम्ही कारण विचारलं असतं, आणि तुमच्यापुढे मला दुसरी थाप जमली नसती. मग माझा परवाना गेला असता, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमच्या तोंडावरचा तो विश्वास गेला असता. दर शनिवारी गाडीत तुमच्या शेजारी बसून मी ठरवायचो, आज सांगू. दर शनिवारी तुम्ही मुख्य छत्रीवरच सुखरूप उतरायचात आणि मी मनात म्हणायचो, बघ, काही होत नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा मुदत येईल तेव्हा नीट करू, कुणाला कळणारही नाही. माणूस स्वतःला किती सहज गुंडाळतो.

ऑक्टोबर. पानं लाल झालेली, हवा थंड, हातमोजे घातलेले. आपण दोघे शेवटी बाहेर पडतो. माझी छत्री उघडते, मी वर बघतो, ठीक आहे, मग खाली बघतो. तुमची वेडीवाकडी उघडली आहे आणि तुम्ही तिच्याखाली गरगर फिरताय. तुम्ही एकदा बघता, दोनदा बघता, आणि तिला तोडून टाकता, अगदी मला शिकवलं होतंत तसं, भरपूर उंचीवर, जराही न रेंगाळता. तुटलेली छत्री एकटीच झाडांकडे वाहत जाते. मग तुमचा हात छातीवरच्या राखीव हँडलला जातो. काही होत नाही. मग दुसरा हात. तुम्ही दोन्ही हातांनी ओढताय, अंग कमानीसारखं वाकवून ओढताय, आणि मी वरून तुम्हाला हाका मारतोय. पिन शेवटी सुटली, काका. पांढरं कापड बाहेरही आलं. पण खाली झाडं होती आणि ते भरायला जागाच उरली नव्हती.

जमिनीवरच्या लोकांना समोरच्या उन्हामुळे नीट दिसलं नव्हतं. दोन दिवसांनी चौकशीला माणूस आला, सभ्य, थकलेला, हातात क्लिपबोर्ड. त्याने बॅग पाहिली. हँडल निघालेलं, पिन निघालेली, सगळं बाहेर. एकदा सुटलेली पिन ती अडकली होती की नाही हे काय सांगणार? कार्ड पाहिलं, म्हणाला, तारीख मुदतीत आहे, कागद व्यवस्थित आहेत. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू जवळ होतास. तो बिघडलेल्या मेनशी किती वेळ झगडत होता?" हा प्रश्न त्याने माझ्या हातात असा ठेवला की मला फक्त मूठ मिटायची होती. मी म्हणालो, "बराच वेळ." त्याने लिहून घेतलं. तुम्ही, ज्यांनी आयुष्यात कधी एक क्षण उशीर केला नाही, त्या तुमच्या नावावर माझे ते सेकंद चढले. तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराला तुमची गोष्ट सांगतात. मी त्याच हिवाळ्यात उड्या मारणं सोडलं, आणि सगळ्यांना वाटलं, बिचाऱ्याला गुरूचा धक्का बसला.

तेराव्यानंतर काकूंनी मला किचनमध्ये बोलावलं. बाहेर मंडळाची माणसं होती, मुलगी जिन्यावर बसली होती. त्यांनी चहा ठेवला होता आणि तो उतू गेला तरी गॅस बंद केला नव्हता. हळू आवाजात विचारलं, "तू पाहिलंस ना? हे घाबरले होते का रे?" काका, तिथे दोनच उत्तरं होती, दोष तुमचा किंवा माझा. मी म्हणालो, "थोडे घाबरले असतील, काकू. कुणीही घाबरलं असतं." त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मला कधी दाखवलं नाही त्यांनी." पुढे पुढे त्याच लोकांना सांगू लागल्या, "शेवटी घाबरले हो, हात चालला नाही त्यांचा." माझ्यासमोरही सांगत आणि मी समोर बसून चहा प्यायचो. ड्रायरजवळ वाळवलेल्या बॅगेचं त्यांना पुन्हा कधी आठवलं नाही, निदान माझ्याजवळ तरी नाही. मी मनातून त्याच भीतीने त्यांच्याकडे जात होतो, आणि त्या मला म्हणायच्या, तू किती करतोस रे आमच्यासाठी. त्या तुमच्या मुलीजवळ मॉरिसव्हिलला राहायला गेल्यावर दर दिवाळीला लाडवांचं पार्सल यायचं. मी ते खाल्ले.

तुमच्या मुलीला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. हे असं पत्र वाचू शकणारं तुमच्या घरात एकच माणूस होतं. काकू या जानेवारीत गेल्या, झोपेत, त्रास न होता. मुलीने फोनवर रडत रडत सांगितलं आणि मी तिला धीर दिला, तिकीट काढतो म्हणालो. पण काका, फोन खाली ठेवल्यावर आधी मला दुःख झालं नाही, हायसं वाटलं. मग मी टेबलाशी बसलो, वही उघडली आणि हे लिहायला घेतलं.