बिनऔषधाची सुई

इंदापूर
१२ जानेवारी २०२४

चि. मालन हिला दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सर्व ठीक, तिकडेही तसंच असावं.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलोय. तुझ्या लाडक्या भाचीनं, करुणानं, भिगवणच्या दवाखान्यात अंगदुखीची इंजेक्शनं बंद केली आहेत. त्याऐवजी लोकांच्या हातापायांत कोरड्या सुया टोचून ठेवते. ॲक्युपंक्चर म्हणे. दर शनिवारी-रविवारी पुण्याला जायची ती हे शिकायला. मला वाटलं, पुढची पदवी घेतेय. पेढे वाटायच्या तयारीत होतो मी.

आपली आई कशी गेली ते तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतीस. तिचं पोट दुखत होतं आणि भगत लिंबाचा पाला फिरवत राहिला. धम्म घेतला होता, पण घरातलं भय गेलं नव्हतं. तेव्हाच मनाशी गाठ बांधली की या घरातून एक तरी डॉक्टर काढायचा. पोरगी एमबीबीएस झाली तेव्हा शाळेतल्या फळ्यावरचं माझं वळणदार अक्षर कामाला लावून दवाखान्याची पाटी मी स्वतः रंगवली. त्या पाटीखाली भगताचाच धंदा चालणार असेल, तर मी येऊन ती उतरवून नेईन. तू सरकारी दवाखान्यात नर्स होतीस, तुझं ती ऐकते. जा आणि तिचे कान उपट.

माझा खांदा तसाच. मेडिकलमधून गोळ्या आणतो, दिवस निघतो.

पोरांना आशीर्वाद. माझ्या रागाकडे बघून माया आटवू नकोस.

तुझा
दादा


बारामती
२८ जानेवारी २०२४

ती. दादांना मालनचा सविनय जयभीम. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. वाचताना तुमचा आवाज शेजारच्या घरात जाईल की काय असं वाटलं.

तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून कान उपटायलाच गेले. अर्ध्या तालुक्याला टोचून मी रिटायर झालेय, त्यामुळे बिनऔषधाची सुई म्हटल्यावर मलाही हसूच आलं होतं. बाकावर ऊसतोडीच्या बाया होत्या, मासळी सोलणाऱ्या होत्या. त्यांच्यात कुशाबाई म्हणून एक भेटली. ती आखडलेल्या खांद्यासाठी पहिल्यांदा सुया टोचून घेऊन गेली आणि मासळी बाजारात सांगत सुटली की डाक्टरीण चांगली हाय, पण औषध भरायचं विसरली. दुसऱ्या दिवशी परत येऊन तिनं करुणाला ते भरून द्यायला सांगितलं. करुणा हसली नाही. तिनं सगळं पुन्हा समजावलं. आता कुशाबाई हात वर नेऊन आपला अंबाडा आपण बांधते, आणि नव्या बायांना तीच समजावते.

हे वेड कुठून आलं, तेही मी विचारलं. गेल्या हंगामात एक तोडणीवाली कंबर धरून यायची. करुणा इंजेक्शन द्यायची, बाई पुन्हा उसात जायची. तिकडे टोळीत तिला आणखी कोणी कोणी टोचत होतं. एक दिवस पाय सुजून आली, दुखणं मारायच्या त्या औषधांनी किडनी खराब झाली होती. करुणा म्हणाली, आत्या, मी तिचं दुखणं बरं करत नव्हते, तिला कामाला जुंपत होते. दादा, पोरीचे डोळे भरले होते, आणि माझेही.

आता खरी गोष्ट. मी तिथं असतानाच महिपती नावाचे मासळीचे व्यापारी आले. डावा हात दुखतोय, सुया टोच म्हणाले. करुणानं सुयांना हातसुद्धा लावला नाही. हाताची नाडी बघितली, छातीची ईसीजीची पट्टी काढली, गोळी चावायला दिली आणि ॲम्ब्युलन्समध्ये स्वतः बसून त्यांना बारामतीला घेऊन आली. माणूस वाचला. सुया कशासाठी आणि कशासाठी नाहीत, हे तिला पक्कं माहीत आहे. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

पाटी काढायला जाणार असाल तर खुशाल जा. पण आधी बाकावर बसून बघा.

वहिनींना जयभीम. भाचीवरचा राग बहिणीवर काढू नये, ही विनंती.

तुमची
मालन


इंदापूर
३ मार्च २०२४

चि. मालन हिला सप्रेम जयभीम. वि. वि.

गेलो होतो. पिशवीत पाना होता, तुला काय लपवायचं. करुणानं पाहिलं, पण रांगेत पुढं घेतलं नाही. बाकावर शेजारी तुझी कुशाबाईच होती. मला धीर देत म्हणाली, "भिऊ नगा आबा, सुईत औषध न्हाय, पण पोरीच्या हातात हाय." ही माझी पोरगी, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली, मालन.

माझा नंबर आल्यावर सुयांचं नावच नाही. तिनं माझ्या खिशातल्या गोळ्या काढून घेतल्या, किती दिवस खातोय ते विचारलं आणि आधी रक्त तपासायला पाठवलं. मी चिडून म्हटलं, आलोय तर टोच. तर म्हणते, आप्पा, आधी तुमची किडनी बघू दे, मग खांदा. रिपोर्टमध्ये किडनीला थोडा ताण निघाला. गोळ्या बंद केल्यावर परवाच्या तपासणीत आकडा खाली आलाय. सुया आता चालू आहेत. अगदी खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला डोळे मिटून घेतले होते.

परत येताना एसटीत खिडकीशी बसून आईचाच विचार करत होतो. भगतानं पाला फिरवला, याचाच मला आयुष्यभर राग. पण हे माझ्या हातचं नाही, हिला दवाखान्यात न्या, एवढं त्याला म्हणता आलं असतं तर आई तुला आठवली असती. माझी पोरगी ते म्हणते. बापालाही म्हणते.

काल पुन्हा भिगवणला गेलो. पाना घरी ठेवला होता, रंग आणि ब्रश नेला होता. एमबीबीएसची अक्षरं उडाली होती ती आधी भरली, मग खाली ॲक्युपंक्चर लिहिलं. शेवटची दोन अक्षरं खाली घसरली आहेत. करुणा म्हणाली, पुसून पुन्हा लिहा, मी थांबते. मी म्हटलं, राहू दे, खांदा बरा झाला की सरळ करीन.

येत जा. आपल्या दोघांत राग-लोभ दोन्ही असेच नांदू देत.

तुझा
दादा